नानांनी भिंग लावलं नव्हतं

आमच्या गल्लीत तुरीची डाळ चिमट्याने निवडणारा एकच माणूस आहे, झुलाल नाना. ताट मांडीवर, डावा डोळा मिटलेला, उजव्या हातात स्टीलचा बारीक चिमटा. पाव किलो डाळीला तासभर लागतो. त्यांची बायको सुनंदाअक्का चुलीपाशी खोळंबते आणि दारातून ओरडते, "आजना सैपाकनी डाळ शे ती, दिवाळीनी नही!" नाना मान वर करत नाहीत.

मी त्यांच्या शेजारी राहते. अमळनेरच्या एका शाळेत मराठी शिकवते, घरी अहिराणी बोलते, आणि गल्लीत काय चाललंय ते कळायला मला वर्तमानपत्र लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या जिभेचाही हात होता.

नाना तालुक्यातल्याच एका लहान खेड्यातले. दहावीला गणिताने दगा दिला तशी ते चुलतभावाबरोबर सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसले आणि हिऱ्याच्या कारखान्यात लागले. हिरा घासायच्या चाकाला तिकडे घंटी म्हणतात. कारागीर कामाला लागला की तो 'घंटीवर बसला'. आमच्याकडे घट्या म्हणजे जातं. मध्यस्थाने सुनंदाअक्काच्या वडिलांना सांगितलं, "पोऱ्या सुरतमा घंटीवर बसस." म्हातारा खूश. पिठाची गिरणी! "चला, पोरले पीठनी तरी ददात नही," म्हणाला आणि सुपारी फोडून मोकळा झाला. अक्का सुरतेला गेली तेव्हा तिला कळलं की घरात पिठाचा डबा रिकामा आहे आणि दळण घेऊन दुसऱ्याच्या गिरणीवर रांगेत उभं राहायचं आहे. ती अजून वडिलांना बोल लावते, नानांना नाही.

अठ्ठावीस वर्षं ते घंटीवर बसले. तीन वर्षांपूर्वी परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मंदी उनी." त्याहून जास्त कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जळगावच्या एका सराफाने त्यांना दुकानात एक स्टूल दिलं. मंगळवार आणि शनिवार सकाळच्या गाडीने जायचं, लोकांनी मोडायला आणलेल्या दागिन्यांतले खडे बघायचे, हिरा की काच ते सांगायचं, संध्याकाळी परत. शेठ त्यांना नानाजी म्हणायचा. दुकानात त्यांच्या नावाचा चहा यायचा. सुरतेत त्यांना नंबर होता, नाव इथे मिळालं, असं अक्का म्हणायची.

आणि गल्लीत तर विचारूच नका. कोणाकडे नवी अंगठी आली, नाकातली चमकी आली, की ती देवापुढे ठेवायच्या आधी नानांच्या ओट्यावर यायची. नाना खिशातून भिंग काढायचे. ते सुरतेहून आणलेलं, अंगठ्याएवढं. ते डोळ्याला लावून, खडा दाराच्या उजेडात धरून, एकच शब्द बोलायचे. खरा. नाहीतर खोटा. त्यांचा शब्द कधी बदलला नाही. गल्लीतल्या दोन बायकांनी त्यांच्यामुळे नवऱ्याशी वर्षभर अबोला धरला होता, पण नानांना कोणी बोल लावला नाही.

मला ते बघायचा नाद लागला. एकदा विचारलं, नाना, हिऱ्याचा भाव ठरतो कसा? ते म्हणाले, तुमच्या अमळनेरात कापसाचा ठरतो तसाच. वजन बघायचं, रंग बघायचा, आत काय घाण आहे ती बघायची. पांढरा तो वर, पिवळसर तो खाली. डाग कडेला असला तर चालतो, मधोमध असला तर भाव पडतो. मी म्हटलं, मग वजन दुप्पट म्हणजे भाव दुप्पट? तर हसले. "दोन गोऱ्हा मिळीसन एक बैल व्हत नही, मास्तरीणबाई." मोठा दगड क्वचित निघतो, म्हणून त्याचा भाव वजनाच्या पुढे उड्या मारत जातो. शिवाय निघतो तसा तो गळ्यात घालता येत नाही. घासताना निम्मा उडून जातो. डाग काढायचा की वजन राखायचं, हे घंटीवरच्या माणसाने ठरवायचं.

"मंग घाट," ते म्हणाले, आणि तिथे त्यांचा आवाज जरा वर चढला. "वजन, रंग, डाग हाई जमीननं देनं. घाट मना." खालचे पैलू थोडे उथळ झाले तर उजेड खालून निघून जातो आणि दगड मेल्यासारखा दिसतो. बरोबर घातले तर आत गेलेला उजेड फिरून वर येतो, डोळ्यात शिरतो. रंग, वजन सगळं तेच, तरी एक हिरा बोलतो आणि दुसरा गप्प बसतो. त्याचे पैसे वेगळे. मी विचारलं, तुमच्या हातचा बोलायचा का? "सुरतना शेठ परत पाठाये नही," एवढंच म्हणाले. त्यांच्या भाषेत ही बढाई होती.

आता कुंदाबाईची गोष्ट. कुंदाबाई म्हणजे माझ्या समोरच्या घरातली, मोहिनीची आई. नवरा लवकर गेला, शिवणयंत्रावर मुलीला बीएस्सी केलं. हिशेबाला पक्की, बोलायला फटकळ, म्हणून माझं तिच्याशी जमतं. मोहिनीचं लग्न धुळ्याच्या जितेंद्रशी ठरलं. मुलगा दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटी नोकरीला, शांत, जरा लाजाळू. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलं होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही, मोहिनी माझी विद्यार्थिनी आहे, मला सगळं सांगते. साखरपुड्याला जितेंद्रने हिऱ्याची अंगठी घातली. आमच्या गल्लीत साखरपुड्याला हिरा ही पहिलीच वेळ. त्याने अकरा महिने पगारातून बाजूला टाकून ती घेतली होती.

घालतानाच त्याने कुंदाबाईला सांगितलं, "मावशी, लॅबचा हिरा आहे."

आमच्याकडे लॅब म्हणजे काय? डॉक्टरने चिठ्ठी दिली की रक्त घेऊन जातात ती. साखर, थायरॉइड, डेंगी. तिथून कागद आला की खरंखोटं झालं. कुंदाबाईने गल्लीभर सांगितलं, "लॅबमाईन तपाशी आनेल शे जवाईनी!" मीही मान डोलावली. एम. ए., बी. एड. असून डोलावली. एकीला तर वाटलं की आता सरकारनेच ते सक्तीचं केलं असेल.

साखरपुड्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी पाच-सहा जणी कुंदाबाईच्या ओट्यावर अंगठी बघत बसलो होतो. नाना जळगावहून येत होते, हातात पिशवी. कुंदाबाईने हाक मारली, "नाना, जरा देखा बरं, जवाईनी काय आनेल शे ते." नाना बसले. डबी हातात घेतली. डबीत अंगठीखाली बिल घडी करून ठेवलेलं होतं, आमच्यापैकी कोणी उघडलं नव्हतं, ते त्यांनी उघडून वाचलं. इंग्रजीत होतं. वाचताना त्यांचं तोंड आंबट झालं. त्यांनी बिल घडी केलं, डबी मिटली, कुंदाबाईच्या हातात दिली आणि उठले.

"खोटा शे हाऊ," म्हणाले आणि घरी गेले.

मोहिनी आत चहा गाळत होती, तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी घरी गेले आणि, लपवत नाही, नवऱ्याला सांगितलं, जावेला फोन केला, दुसऱ्या दिवशी शाळेत दोघींना सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुपारपर्यंत ते निम्म्या अमळनेरला माहीत होतं, आणि मध्ये कुठेतरी 'खोटा हिरा'चं 'खोटं सोनं' आणि 'खोटी नोकरी' झालं होतं.

कुंदाबाईने धुळ्याला फोन लावला. सुट्टीवर घरीच असलेला जितेंद्र म्हणाला, "मावशी, मी सांगितलं होतं, लॅबचा आहे." कुंदाबाई म्हणाली, "मग लॅबवाल्यांनी तुले फसाडं!" मग फोन त्याच्या आईने, बेबाबाईने घेतला. बेबाबाई गरीब गाय नव्हे. आमच्या घराला खोटं म्हणता काय, अंगठी परत पाठवा, पोरगी तुमच्या घरीच ठेवा. कुंदाबाई म्हणाली, पाठवते. म्हणजे झालं, लग्न मोडलं. पत्रिका छापायला गेल्या होत्या.

मोहिनीने अंगठी काढून डबीत ठेवली आणि माझ्याकडे आली. रडली नाही. संतापली होती. म्हणाली, "बाई, तो खोटं बोलणारा नाही. त्याला बोलताच येत नाही नीट, खोटं कुठून बोलेल? आणि आई त्याचा फोनसुद्धा घेऊ देत नाही. परवा मामा अंगठी घेऊन धुळ्याला जाणार." मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला ते आठवलं. नानांनी भिंग लावलं नव्हतं.

मी तिथेच बसले होते. हातभर अंतरावर. ते भिंग त्यांच्या खिशातून बाहेर आलंच नाही. डाळीतल्या खड्याला जो माणूस डोळा बारीक करून बघतो, त्याने हिऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद पाहिला.

गुरुवारी सकाळी शाळेच्या आधी मी त्यांच्याकडे गेले. नाना खाटेवर बसले होते, अक्का भाकरी थापत होती. मी सरळ विचारलं. "नाना, तुम्ही भिंग न लावता कसं सांगितलं?"

आणि वर म्हटलं, तिचं लग्न मोडलंय, तुम्हाला माहीत आहे ना? आमच्या सगळ्यांच्या जिभा झडोत, पण पहिला शब्द तुमचा होता. माझा आवाज चढला होता. वडीलधाऱ्या माणसाशी मी अशी बोलत नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. लॅबचा हिरा म्हणजे तपासलेला नव्हे. यंत्रात वाढवलेला. हिऱ्याची एक पातळ चकती बियाण्यासारखी यंत्रात ठेवतात, गॅस आणि उष्णता देतात, काही आठवड्यांत तिच्यावर हिरा चढतो. काच नव्हे, अमेरिकन डायमंड नव्हे. हिराच. भिंगातून बघून जमिनीतला कुठला आणि यंत्रातला कुठला, हे त्यांनासुद्धा सांगता येत नाही, त्याला वेगळी यंत्रं लागतात. मग भाव इतका कमी का? कारण जमिनीतला मोजकाच निघतो, आणि हा हवा तितका वाढवता येतो. उद्या आणखी स्वस्त होईल. विकायला गेलं तर दुकानदार हात जोडतो.

"मग तो खरा की खोटा?"

"हिरा शे," ते म्हणाले. खाली बघून.

"मग खोटा का म्हणालात?"

सुरतेत आधी हे यंत्रातले दगड आले, म्हणाले. त्यांच्या शेठने जमिनीतलं काम बंद केलं आणि तेच दगड घासायला दिले. सहा महिने त्यांनी घासले. तोच हात, तेच पैलू, मजुरी निम्मी. मग तीही परवडेना म्हणून एका सकाळी कारखान्याला कुलूप. बिलावर 'लॅब ग्रोन' हे दोन इंग्रजी शब्द दिसले आणि डोक्यात तिडीक गेली. "मास्तरीणबाई, मनी घंटी याच हिरानी बंद करी."

माझा राग निम्मा तिथेच उतरला. अठ्ठावीस वर्षं कमी नसतात.

पण अक्काचा उतरला नाही. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ती घंटी काय मोहिनीनी बंद करी का?"

नाना त्या दिवशी जेवले नाहीत, असं अक्काने नंतर सांगितलं. संध्याकाळी ते स्वतः कुंदाबाईच्या दारात गेले आणि म्हणाले, अंगठी धाडू नका, धुळ्याच्या मंडळींना रविवारी बोलवा, माझ्या जबाबदारीवर. कुंदाबाईने त्यांना ओट्यावर बसा म्हटलं नाही.

बेबाबाई आली ती भांडायच्या तयारीने आली. बरोबर जितेंद्र, त्याचा चुलतभाऊ आणि एक मामा. इकडून गल्लीतली वीस-पंचवीस डोकी, त्यातली निम्मी नुसती तमाशा बघायला. भर दुपारची वेळ, दार सताड उघडं. नाना दारापाशी पाटावर बसले. पांढऱ्या कागदाची घडी घातली, तिच्यात अंगठी उभी केली, रंग पाहिला. अंगठीत बसवलेल्या हिऱ्याचा रंग पक्का सांगता येत नाही, अंदाज सांगतो, म्हणाले. हिऱ्यावर श्वास सोडला. वाफ धरली आणि लगेच उडाली. काचेवर ती रेंगाळते. मग भिंग लावलं. किती वेळ ते मी पाहिलं नाही, पण चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी खोकलं, तरी भिंग डोळ्याला होतंच. शेवटी त्यांनी अंगठी हळूच फिरवली आणि हात तसाच थांबला.

"ज्यानी कोणी घासा," ते म्हणाले, "मन लाईसन घासेल शे. घाटमा एक खोट नही." आणि पुढे, "त्याले बी निम्मीच मजुरी भेटनी व्हई."

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. हिरा खरा शे. यंत्रमा वाढेल शे, जमीनमाईन निंघेल नही. पोऱ्यानी तसंच सांगेल व्हतं, तुमले समजनं नही. भाव कमी शे. ईकाले गयात ते काही येवाव नही. आणि मंगळवारी मी याला न बघता खोटा म्हणालो. रागाने म्हणालो. खोटं मी बोललो.

बेबाबाई एवढी भांडायला आलेली, तिला आता भांडायचं कोणाशी ते कळेना. शेवटी तिला 'भाव कमी' एवढंच सापडलं आणि ती त्याच्यावर तुटून पडली. "मंग? आम्हीन काय तो ईकाले लेयेल शे का?" लोक हसले. जितेंद्रसुद्धा हसला, आणि मोहिनीने दाराच्या आडून त्याच्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. तिथेच लग्न पुन्हा जुळलं, बाकी सगळं नंतरचं.

पण कुंदाबाई कुंदाबाई आहे. ती म्हणाली, मंगळवारी एक तोंड, रविवारी दुसरं, उद्या सोमवारी तिसरं निघालं तर? पोरीला सासरी कोणी टोमणा मारला तर मी काय दाखवू? "नाना, तोंडना काय भरोसा? लिखी द्या."

हे जरा अती झालं असं मला वाटलं. नानांनी माझ्याकडे वहीचा कागद मागितला. मी दिला, पेनही दिलं. त्यांनी गुडघ्यावर ठेवून लिहिलं, मोठ्या अक्षरात, दहावी नापास माणसाच्या काळजीने:

*हा हिरा खरा आहे, यंत्रात तयार झालेला आहे. मी मंगळवारी तो न तपासता खोटा सांगितला. माझा राग हिऱ्यावर होता, माणसांवर काढला. चूक माझी आहे. झुलाल पुना पाटील.*

जितेंद्रच्या चुलतभावाने त्या कागदाचा फोटो काढला. वाईट हेतूने नाही, घरच्यांना दाखवायला. पण फोटो एकदा मोबाईलमध्ये गेला की तो कोणाच्या घरचा राहत नाही. धुळ्याहून तो पारोळ्याला गेला, तिथून जळगावला. 'हिरे तपासणाऱ्याची कबुली' असं वर कोणीतरी लिहिलं होतं, खाली हसणारी तोंडं.

पुढच्या मंगळवारी नाना सकाळच्या गाडीने गेले ते दुपारीच परतले. शेठ चांगलं बोलला, म्हणाले. चहा पाजला. खुर्चीत बसवलं, स्टुलावर नाही. मग म्हणाला, "नानाजी, तुमच्या हातात खोट नाही. पण आमच्या गिऱ्हाइकाला तुमचा पहिला शब्द लागतो. दुसरा घेऊन आम्ही काय करू?" आणि आता शनिवारपासून येऊ नका.

मला शेठचा राग आला, पण त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याच्या धंद्यात माणसाचा शब्दच वजनावर विकला जातो.

लग्न झालं. मोहिनी दीपनगरच्या जवळच भाड्याच्या खोलीत राहते. परवा आली होती. म्हणाली, शेजारच्या बायका अंगठी बघतात आणि हमखास विचारतात, खरा आहे का? मग ती डबीतून नानांचा कागद काढून देते. चार ओळींच्या कागदात हिऱ्याबद्दल एकच ओळ आहे, बाकी तीन नानांबद्दल. बायका शेवटपर्यंत वाचतात आणि पुढे काही विचारत नाहीत, म्हणाली.

गल्लीत आता त्यांच्याकडे कोणी दागिना घेऊन जात नाही. मुद्दाम नाही, पण नाही जात. मंगळवार, शनिवार ते घरीच असतात. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले होते. खूप दिवस जे विचारायचं होतं ते विचारलं. "नाना, तुमच्या जागी मी असते तर लिहून दिलं नसतं. तोंडी सांगितलं तेवढं पुरे होतं. चूक झाली ना?"

"व्हयनी ना चूक," ते म्हणाले. "पन ती मंगळवारले व्हयनी. आइतवारले नही."